निकाल पुढच्या सोमवारी

आमच्या घरी अमेरिकन कुस्तीचं 'मंडे नाइट रॉ' सोमवारी कधीच लागलं नाही. अमेरिकेत सोमवारची रात्र असते तेव्हा सांगलीत मंगळवार उजाडून दूधवाला येऊन गेलेला असतो, एवढा भूगोल आम्हाला येत होता. पण केबलवाल्याच्या कृपेने आमच्यापर्यंत पोचणारा सोमवार नेमका कुठल्या महिन्यातला, हे भूगोलाच्या सरांनाही सांगता आलं नसतं. तिकडे एखाद्याचा पट्टा कधीच दुसऱ्याच्या कमरेला गेलेला असायचा आणि इकडे आम्ही तो वाचावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेलो असायचो.

ही १९९४-९५ची गोष्ट. केबल नुकती आली होती आणि टीव्हीसमोरची आरामखुर्ची आजोबांची होती. आजोबा तरुणपणी तालमीत घुमलेले. नाव झालं नाही, पण कान झाले. जुन्या पैलवानांचे मोडतात तसे त्यांचे दोन्ही कान मोडून कांदाभज्यासारखे झाले होते. त्यांच्यावर चष्म्याच्या काड्या ठरायच्या नाहीत, म्हणून मागून दोरा बांधलेला असे. तो दोरा सोडून, चष्मा धोतराच्या सोग्याने पुसून, पुन्हा गाठ मारून त्यांनी पहिल्यांदा रॉ पाहिलं. आम्ही पोरं श्वास रोखून होतो. घरात कुस्तीतला शेवटचा शब्द त्यांचा होता, आणि हा शब्द पडला की केबल राहणार की जाणार ते ठरणार होतं.

"ह्येला कुस्ती म्हंत्यात व्हय? बूटं घालून?"

पहिला आक्षेप बुटांवर. दुसरा रिंगवर. रिंग म्हणायचं आणि आखाडा चौकोनी, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. तिसरा आक्षेप पंचावर. हा गृहस्थ खाली पालथा पडून हाताने जमीन बडवत एक-दोन-तीन मोजायचा आणि अडीचला समोरचा खांदा उचलायचा. आजोबा म्हणाले, "पाठ लागली की लागली. मोजतोय काय? गहू हाईत व्हय?"

मग योकोझुना आला. पाचशे पौंडांच्या वरचा माणूस. आजोबांचा चेहरा जरा निवळला. "खुराक चांगला दिसतोय ह्येचा," म्हणाले. आम्ही अभिमानाने सांगितलं की हा जपानचा सुमो पैलवान आहे. (तो जपानचा नव्हता. सामोअन घराण्यातला, सॅन फ्रान्सिस्कोचा, आणि त्याचा 'जपानी' वस्ताद मिस्टर फुजी मूळचा हवाईचा. पण हे आम्हाला कळायला अजून १० वर्षं होती.) वस्तादाच्या हातात मिठाची बादली होती. योकोझुनाने मूठभर मीठ रिंगमध्ये उधळलं आणि आजोबांचा निवळलेला चेहरा पुन्हा गढुळला. "आमी मातीत ताक, हळद, लिंबू घालतो. ह्यो मीठ घालतोय. लोणचं घालायचंय काय पैलवानांचं?"

आणि सगळ्यात शेवटी, लढत ऐन रंगात असताना तिसराच एक पैलवान खुर्ची घेऊन घुसला, घंटा वाजली, कोण जिंकलं ते कुणालाच कळलं नाही आणि पडद्यावर पाट्या सरकायला लागल्या. आजोबा खुर्चीतून उठले. एकच शब्द बोलले.

"नुरा."

हा शब्द आमच्या भागात फार वाईट. दोन पैलवान आधी ठरवून लढले, की ती नुरा कुस्ती. खासबागच्या मैदानात असं काही दिसलं तर प्रेक्षक नुसते ओरडत नाहीत, चपला काढतात. आमच्याकडच्या मैदानांची पोस्टरं पाहा. त्यांवर पैलवानांच्या फोटोखाली आवर्जून छापलेलं असतं, 'निकाली कुस्ती'. म्हणजे बरोबरीत सोडवणार नाही, कुणीतरी आस्मान बघणार, तुम्ही तिकिटाचे पैसे वसूल करून घरी जाणार. आणि इथे अमेरिकेसारख्या देशात, जिथे सगळं वेळच्या वेळी होतं असं ऐकून होतो, तिथे एकही कुस्ती निकाली होत नव्हती. निकाल पुढच्या सोमवारी. पुढच्या सोमवारी पुन्हा कुणीतरी खुर्ची घेऊन यायचं.

शाळेत मात्र 'नुरा' म्हणायची सोय नव्हती. मधल्या सुट्टीत वर्गाचे सरळ दोन तट होते, 'खरं असतं'वाले आणि 'खोटं असतं'वाले. 'खरं'वाल्यांचा हुकमी मुद्दा रक्त. 'खोटं'वाल्यांचं उत्तर, तो टोमॅटो सॉस असतो. यावर 'खरं'वाले म्हणत, मग कपाळातून सॉस कसा येतो, आणि वाद संपायचा, कारण कपाळातून सॉस कसा येईल हे 'खोटं'वाल्यांपैकी कुणी बघितलं नव्हतं. (रक्त खरंच असायचं. पैलवान मनगटाच्या पट्टीत ब्लेडचा बारीक तुकडा दडवायचा आणि संधी साधून आपल्याच कपाळाला लावायचा. म्हणजे रक्त खरं, मार खोटा. दोन्ही तट बरोबर होते आणि दोन्ही तटांनी उगाच शर्टाची बटणं तोडून घेतली.)

गंमत अशी की ज्या प्रश्नावर आम्ही एकमेकांच्या गचांड्या धरत होतो, त्याचा निकाल १९८९ सालीच लागला होता. लावला होता खुद्द कंपनीने. न्यू जर्सी राज्यात कुस्तीवर क्रीडा आयोगाची देखरेख होती आणि वर करही होता. डब्ल्यूडब्ल्यूएफच्या, म्हणजे रॉवाल्या कंपनीच्या, लोकांनी तिथल्या आमदारांना समजावलं, की साहेब, हा खेळ नाहीच, ही करमणूक आहे. आमचे पैलवान खऱ्या स्पर्धेसाठी लढत नाहीत, लोकांच्या मनोरंजनासाठी लढतात. पिढ्यान्पिढ्या जपलेलं गुपित, ज्यापायी नायक आणि खलनायक एका गाडीतून प्रवास करायला भीत, ते असं सरकारी कागदावर उघडं झालं. आई-बाप, गुरू, दैवत यांच्यापुढे माणूस कबूल करत नाही ते टॅक्स म्हटलं की करतो.

आणि कंपनीचा निगरगट्टपणा बघा. कर वाचवल्यावर दोनच वर्षांत त्यांनी पैलवान म्हणून रिंगमध्ये कोण उतरवला, तर टॅक्सवाला. अर्विन आर. शायस्टर. नावाची आद्याक्षरं आय. आर. एस., म्हणजे तिकडचं आयकर खातं. पांढरा शर्ट, टाय, गॅलस, हातात ब्रीफकेस. हा आधी माइक घेऊन प्रेक्षकांना दरडावायचा की तुम्ही सगळे करबुडवे आहात, आणि मग कुस्ती खेळायचा. टायसकट. आजोबांना बुटांचा राग होता, त्यांनी टाय बघितल्यावर चष्म्याचा दोराच सोडून ठेवला.

त्या काळात तिथे प्रत्येक पैलवानाला एक जोडधंदा असे. एक जेलर होता. एक हप्ते थकलेल्यांच्या गाड्या ओढून नेणारा वसुलीवाला. एक कचरा गोळा करणारा, जो खरोखरीचा पत्र्याचा डबा घेऊन यायचा. एक डुकरं पाळणारा, त्याच्या बादलीत डुकरांचं खरकटं. एक नळ दुरुस्त करणारा. कुस्ती बघतोय की एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभे आहोत, कळायचं नाही. आम्ही याच धर्तीवर आमच्याकडचे पैलवान काढून बघितले. पोस्टमन जमला, एसटीचा कंडक्टर तर फारच चांगला जमला, तिकिटाच्या पेटीने मारता येतं. तलाठ्यापाशी मात्र गाडी अडली. सातबारा काखेत घेऊन तलाठी रिंगमध्ये उतरला असता, तर लढत सुरूच झाली नसती. पंचाने हाक मारली असती आणि तो म्हणाला असता, आज सर्व्हेला जायचंय, उद्या या.

या जोडधंदेवाल्यांत एक दाताचा डॉक्टर होता. आयझॅक यँकेम. हे नाव भराभर उच्चारलं की इंग्रजीत 'मी उपटतो' असं ऐकू येतं. आम्हाला मेली इंग्रजीची एवढी घाई कधी जमलीच नाही, आम्ही त्याला आयझॅक न्यूटनचा कुणीतरी समजत होतो. पांढरा कोट, किडके दात, उंची सात फुटांच्या आसपास. हे डॉक्टर चालले नाहीत. मग कंपनीने त्याच माणसाला दुसऱ्या एका नावाजलेल्या, नोकरी सोडून गेलेल्या पैलवानाची नक्कल म्हणून आणलं. तेही चाललं नाही. तिसऱ्या खेपेला, १९९७ साली, त्याला लाल-काळा मुखवटा चढवला आणि आगीत होरपळलेला, अंडरटेकरचा हरवलेला भाऊ केन म्हणून उभा केला. हे जे चाललं ते २० वर्षं. आणि मग २०१८ साली ग्लेन जेकब्स या मूळ नावाने हा गृहस्थ टेनेसी राज्यातल्या नॉक्स काउंटीचा मेयर म्हणून निवडून आला. २०२२ साली पुन्हा आला. आमच्याकडे पैलवान राजकारणात जातात यात नवल नाही, तालमीतून थेट साखर कारखान्यावर गेलेले कितीतरी आहेत. पण दंतवैद्य, तोतया, सैतान आणि मग महापौर, एवढी सेवाज्येष्ठता आमच्याकडे कुणाची नाही.

आता अंडरटेकर.

अंडरटेकरविषयी तेव्हाच्या पोरांना जे ठाऊक होतं ते असं. तो सात वेळा मरून जिवंत झाला आहे. त्याला सात जन्म आहेत, त्यातले किती खर्च झाले यावर मतभेद आहेत. त्याच्या वस्तादाच्या हातातल्या कलशात त्याची शक्ती आहे. ही माहिती कुठल्याही वर्तमानपत्रात नव्हती, तरी सांगलीपासून सावंतवाडीपर्यंत सगळ्या पोरांकडे एकसारखी होती. शाळेबाहेरच्या दुकानात डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते मिळायचे; त्यावर प्रत्येक पैलवानाचा फोटो आणि खाली उंची, वजन, छाती, दंड, एकूण लढती, जिंकलेल्या लढती, रँक. जन्म-मृत्यूचा रकाना मात्र छापायचा राहून गेला होता. आजोबांनी एकदा माझ्याकडून एक पत्ता मागून घेतला, चष्म्याजवळ धरला, लढतींचा आकडा वाचला आणि विचारलं, "एवढ्या कुस्त्या? ह्यो जेवतो कवा? पावसाळ्यात तरी सुट्टी आसती का न्हाय?" नव्हती. आमच्याकडे जत्रांचा हंगाम सरला की आखाड्याला विसावा असतो. रॉ मात्र वर्षाचे ५२ आठवडे.

अंडरटेकरच्या मरणाला आधार होता. जानेवारी १९९४ मध्ये प्रॉव्हिडन्स शहरात त्याची योकोझुनाशी शवपेटीची कुस्ती झाली. समोरच्याला पेटीत घालून झाकण लावायचं, की जिंकलात. दहाजणांनी मिळून अंडरटेकरला पेटीत कोंबला. त्याआधी कलश उघडला, तर त्यातून हिरवा धूर. मग पेटीच्या आतून त्याचा आवाज आला, आणि शेवटी तो स्वतः छताच्या दिशेने वर वर गेला, सदेह. तुकोबांनंतर एवढं सोपं वैकुंठगमन आम्ही ऐकलं नव्हतं.

हा भाग आमच्याकडे लागला तेव्हा मे महिना होता आणि कुडाळहून आईची आई आली होती. आजी आणि आजोबा व्याही-विहीण. दोघं एकमेकांशी थेट बोलत नसत. समोरासमोर बसलेले असले तरी निरोप माझ्यामार्फत जायचे. ती आल्या आल्याच आजोबांनी जाहीर करून ठेवलं होतं, की "त्यास्नी सांग, हे सगळं नुरा हाय, मनावर घिऊ नका." आजीने मनावर घेतलं नाही. काळी हॅट, काळा कोट, पांढराफटक चेहरा, मागे शोकसंगीत आणि चालायची गती अशी की तेवढ्यात खासबागेत दोन जोड्या सुटाव्यात. हे ध्यान रिंगपर्यंत पोचेस्तोवर तिने लसूण सोलायची थांबवून पाहिलं. मग तिचा चेहरा उजळला.

"अरे, ह्यो तर संकासुर!"

दशावतारात ती लहानपणापासून हे बघत आली होती. काळ्या वेषाचा, लाल जिभेचा संकासुर येणार, वेद पळवणार, सगळ्यांची टिंगल करणार आणि शेवटी विष्णूच्या हातून मरणार, हे कुडाळच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. म्हणून कुणी उठून जातं? तो कसा मरतो, मरायच्या आधी काय बोलतो, हे ऐकायला तर रात्रभर जागायचं. संवाद लिहिलेले नसतात. नट दिवसा शेतात राबणारे, रात्री तेच राजे आणि तेच राक्षस. आमच्या 'खरं-खोटं'च्या वादाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. "तेका आदी नाचाक नको?" एवढंच विचारलं. "आदीच मेलो तर रात कशी सरतली?"

अमेरिकन कुस्तीतल्या लोकांचा यासाठी स्वतंत्र शब्द आहे, केफेब. म्हणजे रिंगमधली गोष्ट रिंगबाहेरही खरी म्हणूनच वागवायची. नायकाला ते बेबीफेस म्हणतात, खलनायकाला हील. आजीकडे त्यांच्या कितीतरी आधीपासून राजपार्टी आणि राक्षसपार्टी होती. तिने १० मिनिटांत कोण कुठल्या पार्टीतला हे बोट दाखवून सांगितलं आणि एकही चुकली नाही. ब्रेट हार्ट राजा. योकोझुना राक्षस. टॅक्सवाला? "तो आमच्या गावचो मास्तर."

कलशाबद्दल मात्र ती अस्वस्थ झाली. तो अस्थिकलश आहे, असं मी माहिती म्हणून सांगितलं होतं. तिने वस्तादाकडे, त्या गुबगुबीत, रडव्या आवाजाच्या पॉल बेअररकडे, निरखून बघितलं. "अस्थी घेवन गावभर फिरता कित्याक ह्यो? सोडून ये म्हणा एकदाच्यो. नाशिकाक नाय तर खय समुद्रात. सुटतलो बिचारो!" अंडरटेकर पुन्हा पुन्हा का उठून बसतो, याचं याहून शास्त्रशुद्ध स्पष्टीकरण मला आजतागायत मिळालेलं नाही. तिला सांगायचं राहून गेलं की पॉल बेअरर हे नाव म्हणजेच खांदेकऱ्यासाठीच्या इंग्रजी शब्दावरची कोटी, आणि तो वठवणारा विल्यम मूडी खरोखरच परवानाधारक अंत्यविधीवाला होता. एवढ्या सगळ्या खोट्या दंतवैद्य-प्लंबरांत एक माणूस स्वतःच्या धंद्यात होता, आणि आमचा त्याच्यावरच विश्वास नव्हता.

वैकुंठाला गेलेला अंडरटेकर त्याच वर्षी परत आला. एक नाही, दोन. एक खरा, एक तोतया. ऑगस्टमध्ये खऱ्याने तोतयाला हरवलं. तोतया झाला होता ब्रायन ली नावाचा पैलवान. दोन वर्षांनी, १९९६ साली, 'खिलाडियों का खिलाडी' आला आणि त्यात अक्षयकुमारने अंडरटेकरला उचलून आपटला. थिएटरमध्ये शिट्ट्यांनी पत्रे उडायचे बाकी होते. शाळेत पुढचे सहा महिने 'अक्षयने अंडरटेकरला हरवलं' हा पुराव्यानिशी सिद्ध इतिहास होता. पडद्यावर होता तो ब्रायन लीच. म्हणजे नुरा कुस्तीतला तोतया, सिनेमातल्या नुऱ्यात पुन्हा एकदा हरला. माझ्या पिढीतल्या निम्म्या पोरांनी या पराभवावर पैजा लावून वडापाव गमावलेत, ते परत मिळायला हवेत असं माझं प्रामाणिक मत आहे.

सुट्टीत आम्ही स्वतः डाव करून बघत होतो, हे सांगायला नको. जागा, आईबाबांच्या खोलीतला पलंग. प्रतिस्पर्धी, मावसभाऊ. पहिली अडचण आवाजाची आली. टीव्हीवर ठोसा बसला की धाड असा आवाज येतो. आमचा ठोसा नुसता बसायचा. बरेच दिवस डोळे फोडून बघितल्यावर भावाने शोध लावला, की ते हाताने मारतात तेव्हाच पाय आपटतात. आवाज पायाचा. (रिंगच्या फळ्यांखाली लोखंडी सांगाडा असतो, वर बोटभर फोम, आणि आवाज टिपायला खाली माइक. आमच्याकडे शहाबादी फरशी होती.) आम्ही पाय आपटायला लागलो आणि कुस्तीला एकदम रंग चढला. तिसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू वर आल्या. आईला म्हणाल्या, "पोरं भांडतात त्याचं काही नाही हो, पण पाय आपटू नका म्हणावं. आमच्या छताचे पोपडे पडतात आमटीत."

आईने तंबी दिली, मारामारी करा पण पाय न आपटता. त्या दिवशी आम्ही पाय न आपटता मारलं. मावसभावाचा ओठ फुटला आणि माझा डोळा काळा झाला. पाय आपटायचा तो नुसता आवाजासाठी नाही, हाताचा जोर पायात उतरावा म्हणून, हे ज्ञान आम्हाला फार महागात पडलं.

दुसरा धडा सप्लेक्सचा. समोरच्याला कवेत धरून उलटा उचलायचा आणि आपण मागे पडत त्याला पाठीवर टाकायचा. टीव्हीवर शंभर-सव्वाशे किलोचा माणूस असा फुलासारखा उचलला जायचा. मला २८ किलोचा मावसभाऊ उचलेना. तो दगडासारखा पाय रोवून उभा. आजोबा दारात येऊन बघत होते. त्यांना हसू आवरेना. "आरं, तो उडी मारल्याबिगर उचलंल कसा?"

मी त्यांच्याकडे बघत राहिलो. आखाड्यात आयुष्य काढलेल्या माणसाने आम्ही आठवडेच्या आठवडे बघून न कळलेली गोष्ट एका वाक्यात सांगितली होती. तालमीत समोरचा तुम्हाला उचलू देत नाही, ती कुस्ती. इथे समोरच्याने अचूक क्षणी उडी मारायची, हवेत पाठ सपाट करायची, हनुवटी छातीला लावायची आणि दोन्ही हात पसरून पडायचं, म्हणजे मार एका जागी न बसता पाठभर वाटला जातो. मावसभावाने उडी मारली. मी मागे पडलो. पलंगाची एक फळी गेली. पण सप्लेक्स झाला. आजोबांनी वर्तमानपत्राआड तोंड लपवलं, आणि फळी तेच बसवून देणार म्हणून आईला मध्ये बोलू दिलं नाही.

१९९५च्या सप्टेंबरात तिकडे सोमवारी रात्रीच दुसऱ्या कंपनीने, डब्ल्यूसीडब्ल्यूने, 'नाइट्रो' सुरू केलं. तिथला एरिक बिशॉफ थेट प्रक्षेपणातच सांगून टाकायचा, की रॉ आधी चित्रित केलेलं आहे आणि त्यात आज अमका जिंकणार आहे. शेजारच्या मंडळाने आपल्या नाटकाचा शेवट लाउडस्पीकरवरून सांगावा तसं. एका टप्प्यावर नाइट्रो सलग ८३ आठवडे रॉच्या पुढे होतं. मग ४ जानेवारी १९९९ ला नाइट्रोच्या निवेदकाने कुत्सितपणे सांगितलं की रॉवर आज मिक फोली विजेता होणार आहे, बघा किती तिकिटं खपतात ती. ते ऐकून लाखो लोकांनी चॅनेल बदललं. फोलीला जिंकताना बघायला. त्याच रात्री नाइट्रोवर हल्क होगनने केव्हिन नॅशच्या छातीला एक बोट लावलं. एक बोट. आणि हा सात फुटी माणूस आडवा झाला, पट्टा होगनकडे गेला. नुऱ्यातही काही अब्रू असते. बोटाने चितपट झालेलं प्रेक्षकांनी पुन्हा विसरलं नाही. मार्च २००१ मध्ये नाइट्रो बंद पडलं आणि ती कंपनी प्रतिस्पर्ध्यानेच विकत घेतली.

हा जो मिक फोली, त्याच्यावरच माझं घरगुती प्रकरण संपतं. जून १९९८ मध्ये पिट्सबर्गला १६ फूट उंच जाळीच्या पिंजऱ्यावरून अंडरटेकरने त्याला खाली ढकललं. तो खाली निवेदकांच्या टेबलावर कोसळला. टेबलाचा चुरा. तिथून उठून तो पुन्हा वर चढला, आणि या वेळी जाळीच तुटली, जी तुटायची नव्हती. तो आतल्या रिंगमध्ये आदळला, मागोमाग खुर्ची तोंडावर. दात निखळला तो नाकापर्यंत गेला. आणि फोली, त्याही अवस्थेत, हसत होता. रॉवर पुढे ते दृश्य पुन्हा पुन्हा दाखवलं, तसं आमच्याकडेही आलं.

आजी त्या वर्षीही आलेली होती. तिने पदर तोंडाला लावला. आजोबा चष्म्याचा दोरा घट्ट करून पुढे सरकले. कुणी काही बोललं नाही. मग आजीने माझ्याकडे बघून विचारलं, "आजोबांका इचार. ह्याव नुरा?"

आजोबांनी उत्तर द्यायला वेळ घेतला. मग मलाच सांगितलं, पण आवाज पलीकडच्या खुर्चीला पोचेल असा.

"त्यास्नी सांग, म्या दारासिंग आन् किंगकाँगची कुस्ती बघितली हाय. मुंबईला जाऊन. तिकीट काढून." जरा थांबले. ही गोष्ट आमच्या घरात त्या दिवसापर्यंत कुणालाही ठाऊक नव्हती. "ती बी नुराच हुती. म्या परत बी गेल्तो."

पडद्यावर फोलीला पुन्हा एकदा पिंजऱ्यावरून खाली येताना दाखवत होते. या वेळी संथ गतीने.

"पैलवान म्हणून काय न्हाय ह्यो," आजोबा म्हणाले. "पडतो मातुर चांगला."